टोल्यात कोणालाच ताप नाही

ऑफिसात पाऊल ठेवलं की तो आधी पायजम्याला लावलेली सायकलची चिमटी काढायचा, खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवायचा आणि नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता आतून खोबरेल तेलाची एक चपटी बाटली काढून आमच्या नाकासमोर उलटी धरायचा. तेल धावत बाटलीच्या गळ्याशी यायचं.

"पाहा. हलून राहिलं का नाही? कार्तिक सरत आला अन् तेल अजून पातळच. मी माह्या मनाचं नाही सांगून राहिलो."

आम्ही हसायचो. आमच्यातला कोणीतरी तेवढ्यात तळहात पुढे करून म्हणायचा, "आणलंच आहे तर थोडं डोक्याला द्या." तोही हसत दोन थेंब द्यायचा आणि मग पुन्हा मुद्द्यावर यायचा. त्याचा मुद्दा असा होता की, आपल्याकडची थंडी उशिरा येऊ लागली आहे, म्हणून तापही उशिरा जाऊ लागला आहे, आणि हे ऑफिसला माहीत नाही. ऑफिसला बऱ्याच गोष्टी माहीत नव्हत्या, पण त्या सांगायला रोज कोणी बाटली घेऊन येत नसे.

वयाने तो माझ्याहून थोडा मोठा होता. तोंडावर आम्ही त्याला 'भाऊ' म्हणत असू आणि माघारी एकेरीत बोलत असू. लिहितानाही तीच सवय हाताला लागलेली आहे, ती आता सुटायची नाही.

आमचं ऑफिस म्हणजे एका भातगिरणीच्या मागच्या दोन खोल्या. दारावर 'हिवताप निर्मूलन' अशी निळी पाटी होती. ती रंगवली तेव्हा हिवताप दोन-चार वर्षांत देशातून हद्दपार होणार, असा सगळ्यांचा विश्वास होता. सत्तरनंतर ताप परत आला, चांगला हातपाय पसरून आला, पण पाटी कोणी बदलली नाही. मी त्या पाटीखाली बसून सूक्ष्मदर्शक यंत्रातून रक्ताच्या काचा पाहायचो. तो आणि त्याच्यासारखे कर्मचारी पंधरा दिवसांनी घरोघर फिरत, "ताप आला का कोणाले?" विचारत, ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचे दोन थेंब काचेवर घेत, कडू गोळ्या देत आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख घालून सही करत. काचा माझ्याकडे येत. मी त्या रंगात बुडवून वाळवायच्या आणि रक्तात तापाच्या जंतूंच्या बारीक निळ्या अंगठ्या दिसतात का ते सांगायचं, असं हे काम होतं.

ज्यांनी सरकारी नोकरी जवळून पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. काचांचं उद्दिष्ट ठरलेलं असे. चार कोस सायकल मारण्यापेक्षा घरबसल्या उद्दिष्ट गाठणारे हुशार लोक आमच्यात होते. एकाच्या पन्नास काचा मी एकदा ओळीने पाहिल्या आणि मला खात्री पटली की हे पन्नास थेंब एकाच बोटाचे, बहुतेक त्याच्या बायकोचे आहेत. बाई ठणठणीत होती, त्यामुळे त्याचं क्षेत्रही वर्षभर ठणठणीत राहिलं. त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. मी काही बोललो नाही. मीही काही धुतल्या तांदळाचा नव्हतो, दुपारी कॅरम खेळायला मीच बोर्डावर पावडर टाकत असे.

अशा ठिकाणी खरं रक्त आणणारा माणूस म्हणजे डोक्याला ताप. त्याच्या काचांवर अंगठ्या सापडत. अंगठ्या सापडल्या की कागद वाढत, औषध पाठवावं लागे आणि वरून विचारणा होई. बरं, पावसाळ्यात सापडल्या तर चालत होतं. नियमाप्रमाणे हिवतापाचा हंगाम दिवाळीला संपायचा. दिवाळीनंतर फवारणीच्या टोळ्या घरी जायच्या, औषधाचा साठा आटायचा आणि आम्ही स्वेटर काढायचो. ह्याच्या काचांवर मात्र अंगठ्या मार्गशीर्षातही दिसायच्या.

त्याच्याकडे नाकाडोंगरीच्या बाजूची, जंगल आणि मँगनीजच्या खाणींमधली दहा-बारा खेडी होती. त्यांतला शेवटचा एक टोला, म्हणजे तीसेक घरांची वस्ती, त्याच्या जिवाचा होता. टोल्याच्या कडेला तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि पलीकडे खाणीसाठी तुटत चाललेलं जंगल. हिवाळ्यात ताप इथे सर्वांत जास्त रेंगाळायचा.

आपलं म्हणणं तो कोणालाही सांगायचा. आम्हाला, चहावाल्याला, एस.टी.च्या कंडक्टरला. "मच्छर तापवाल्या माणसाले चावते. मंग त्याच्या पोटात तापाचं बी पिकाले दहा-पंधरा दिवस लागतेत. त्याले ऊब पायजे. थंडी पडली का बी पिकत नाही, मच्छर आधीच मरते. आता थंडीच मागं सरकून राहिली. मंग ताप कायले थांबन?"

"म्हणजे आता हवामान खातंही तुम्हीच सांभाळा," आमचे साहेब म्हणाले.

"आज ताप आपल्या इथं आहे साहेब, उद्या जिथं थंडीनंच लोकायले वाचवलं तिथंही पोचन."

"मग काय हिमालयात फवारणीची टोळी पाठवू?"

त्यावर सगळं ऑफिस हसलं. मी जरा जास्तच हसलो, कारण साहेब माझ्याकडे पाहत होते. आता तापलेल्या हवेबरोबर डास डोंगर चढू लागल्याच्या बातम्या छापून येतात, त्या मी वाचतो आणि हसणाऱ्यांत आपला आवाज सर्वांत मोठा होता हे मला आठवतं.

बाटलीची थट्टा मीच सुरू केली होती. मी म्हटलं, "भाऊ, उन्हातून सायकलवर आणलेलं तेल पातळ नाही राहणार तर काय बर्फ होणार?" तो विचारात पडला. चिडला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याने एक नवी बाटली विकत घेतली आणि टोल्यातल्या एका म्हातारीच्या घरी आतल्या अंधाऱ्या कोनाड्यात नेऊन ठेवली. म्हातारी पहाटे धान कांडायला सर्वांच्या आधी उठायची. उठल्यावर बाटली उलटी करून पाहायची आणि तेल गोठलेलं असेल तर भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायची, एवढं काम तिला नेमून दिलं. अशी टोल्यात वेधशाळा सुरू झाली.

पहिल्या वर्षी वेधशाळा बुडाली. पौषात त्याने बाटली पाहिली तर ती अर्धी रिकामी होती. म्हातारीची सून वेणीफणी करताना त्यातलंच तेल वापरत होती.

"मले काय माहीत जी, ते सरकारचं तेल आहे म्हणून?" सून म्हणाली.

"सरकारचं नाही, माहं आहे. तू लाव डोक्याले, पण माय, तुम्ही रेघ ओढजा," तो म्हणाला आणि बाटली भरून आला.

पुढची दोन वर्षं म्हातारीने इमानाने रेघा ओढल्या. त्याच्या लहानपणी म्हणे दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तेल शेगडीवर धरावं लागायचं. म्हातारीच्या भिंतीवर पहिली रेघ मार्गशीर्ष अर्धा उलटल्यावर उमटली, आणि पुढच्या वर्षी त्याहून उशिरा. दोन हिवाळ्यांच्या कोळशाने जग तापल्याचं सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण आमच्या ऑफिसकडे तेवढाही कोळसा नव्हता.

दुसरी अडचण भिंतींची होती. भिंतीवर बसलेला डास मरावा म्हणून डीडीटी भिंतींवर फवारतात. आमची टोळी भाद्रपद-आश्विनात ती मारून जायची. आणि मग दिवाळी यायची. दिवाळीपाठोपाठ मंडई. आमच्याकडची मंडई म्हणजे गावची जत्रा, रात्रभर दंडारीचे खेळ, पाहुण्यांचा सुकाळ आणि त्यातच मुलामुलींच्या सोयरिकी. त्यासाठी घरोघरच्या बायका शेणामातीने भिंती छाबून वरून पांढरी माती द्यायच्या. सरकारची पावडर मातीखाली गाडली जायची आणि डास नव्या कोऱ्या भिंतीवर सुखाने बसायचे. तो हात जोडून बायकांना सांगायचा, "आधी छाबा, मंग मारू द्या."

म्हातारी म्हणायची, "अन् पाहुण्यायले त्या डागाच्या भिंतीपाशी बसवू का जी? माह्या नातीची सोयरीक कोण करन?"

तेव्हा त्याने ऑफिसकडे एकच मागणं लावलं. ह्या एका टोल्यात मंडई झाल्यावर, भिंती छाबून झाल्यावर एकदा फवारणी करा आणि पौष संपेपर्यंत गोळ्या राहू द्या. एवढंच. त्याने अर्ज केला, स्मरणपत्र दिलं, स्मरणपत्राचं स्मरणपत्र दिलं. तिसऱ्या वर्षी उत्तर आलं. ते अर्जाचं उत्तर नव्हतं, मेमो होता: हंगाम संपल्यानंतर आपल्याच क्षेत्रात तापाचे रोगी कसे आढळतात, याचा खुलासा करावा.

मेमो तो फिरतीवर असताना आमच्या शिपायाने टोल्यात नेऊन दिला. शिपायाला आपल्या हातून जाणाऱ्या कागदाचं वजन फार वाटायचं. त्याने तो चावडीसमोर मोठ्याने वाचला आणि वर आपल्या पदरचं घातलं, "तापाचे रोगी दाखवले म्हणून भाऊची नोकरी जाणार आहे. जिल्ह्याहून मोठे साहेब चौकशीले येऊन राहिले."

भाऊने कागद घडी करून खिशात टाकला. "काही होत नाही," तो म्हणाला. "साहेब येते ते बरंच आहे. येऊ द्या, डोळ्यानं पाहू द्या." त्याला खरोखरच आनंद झाला होता. पण टोल्यातल्या लोकांनी शिपायाचे शब्द धरून ठेवले.

त्या आठवड्यात त्याने टोल्यातून घेतलेल्या काचांची पेटी माझ्या टेबलावर आणून ठेवली. "बाबूजी, साहेब शुक्रवारी येऊन राहिले. त्याच्या आत एवढ्या पाहून ठेवा. आपल्या बाटलीवाल्या बुढीलेही ताप आहे, तिचीही आहे यात. लोकं तोंडानं काहीही सांगतीन, काच खोटं सांगत नाही."

मी म्हटलं, "ठेवा. होऊन जाईल."

मंगळवार होता. मी पेटी कपाटात ठेवली. बुधवारी कॅरमची फायनल होती. गुरुवारी रंग संपला आहे असं माझ्या लक्षात आलं, म्हणजे बाटलीच्या तळाशी थोडा होता, पण हंगाम संपल्यावर त्यासाठी कोण हात रंगवून घेतो?

शुक्रवारी मोठे साहेब जीपमधून आले. भर दुपारी उकडत असूनही महिन्याचा मान राखून त्यांनी लोकरी कोट घातला होता. आमचे साहेब पुढे, मी मागे. रस्त्यात मोठ्या साहेबांनी मान वळवून विचारलं, "या गावच्या काचा पाहिल्यात का?"

"चालू आहे, साहेब," मी म्हणालो. कपाटाचं कुलूप त्या क्षणी डोळ्यांसमोर आलं आणि मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

टोल्याच्या तोंडाशी तो उभा होता. धुतलेला सदरा, भांग पाडलेला. त्या सोमवारीच त्याने तिथे अकरा माणसं अंथरुणाला खिळलेली पाहिली होती. तो साहेबांना पहिल्या घरात घेऊन गेला. घर झाडून लख्ख, अंथरूण गुंडाळून आढ्याला टांगलेलं. घरधनी उन्हात बसून दोर वळत होता. दुसऱ्या घरात बाई तांदूळ पाखडत होती. तिसऱ्या घरातला माणूस डोक्यावर भारा घेऊन उभा होता, कुठे निघाला होता देव जाणे. आजारी म्हणावं असं कोणीच दिसत नव्हतं.

"ताप कोणाला आहे?" साहेबांनी विचारलं.

टोल्यातला एक वयस्क माणूस पुढे झाला. "कोणालेच ताप नाही जी साहेब. हे भाऊ लय चांगले आहेत. यायच्यामुळं आमच्या इथं तापच राहिला नाही."

भाऊच्या तोंडाचा रंग उडालेला मी पाहिला. "अजी, काहून असं सांगून राहिले? सोमवारी तुमचाच पोरगा तव्यासारखा तापला होता."

"तो? तो मामाच्या गावाले गेला."

म्हातारीच्या अंगणात आम्ही आलो. ती उभी राहून धान कांडत होती. ओठ फुटलेले, डोळे लाल, आणि मुसळ मात्र वर जात होतं, खाली येत होतं. सून बाजूला सूप धरून उभी होती आणि सासूवरून नजर हलवत नव्हती. भाऊ जवळ गेला. "माय, सांगा ना साहेबायले. तुम्हीच सांगा."

"मले काही झालं नाही. पाहा ना," ती म्हणाली आणि मुसळ आणखी उंच उचललं. त्याने तिच्या मनगटाला लावायला हात पुढे केला तर तिने अंग चोरलं आणि हळूच, पण मला ऐकू येईल इतपत म्हणाली, "तुमी चूप राहा जी. आम्ही पाहतो."

तेव्हा कुठे त्याला समजलं. मलाही. सगळा टोला त्याची नोकरी वाचवायला अंथरुणातून उठून उभा राहिला होता. काचांचं मी बोलेन म्हणून त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं; मी साहेबांच्या कोटाकडे पाहत राहिलो.

मोठ्या साहेबांनी हात लांब करून एका कपाळाला लावला असता तर भागलं असतं. पण विश्रामगृहावर कोंबडी शिजत होती. त्यांनी भिंतींकडे पाहिलं, नुकत्याच पांढऱ्या केलेल्या, आणि म्हणाले, "गाव स्वच्छ आहे." मग कोनाड्यातली बाटली दिसली. "हे काय?"

"आमच्या कर्मचाऱ्याचा थर्मामीटर आहे, साहेब," आमचे साहेब म्हणाले. मोठे साहेब पोट धरून हसले. जीप निघाली तेव्हा मी मागे पाहिलं. म्हातारी उखळाच्या कडेला बसली होती आणि तो गोळ्यांची पुडी सोडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं. कोणी सांगितलं नव्हतं. तळाशी उरलेल्या रंगात काचा बुडवल्या, वाळवल्या आणि पाहायला बसलो. निम्म्याहून जास्त काचांवर अंगठ्या होत्या. म्हातारीच्या काचेवर तर जिकडे पाहावं तिकडे त्याच, आणि ज्या जातीचा ताप मेंदूत शिरतो त्या जातीच्या. मी कागद घेऊन आमच्या साहेबांकडे धावलो. साहेब म्हणाले, "अहवाल कालच गेला. 'रोगी आढळले नाहीत' म्हणून. आता ह्या काचा हंगामाबाहेरच्या आहेत, राहू द्या." ते चुकीचं बोलत होते असं मी म्हणणार नाही. शुक्रवारपर्यंत त्या कपाटाबाहेरच्याही नव्हत्या.

म्हातारी सोमवारी गेली. गोळ्या तिने घेतल्या होत्या, पण उशीर झाला होता, आणि जे बळ होतं ते शुक्रवारी मुसळावर खर्च झालं होतं.

महिन्याभरात त्याच्या बदलीचा हुकूम आला. खोटे रोगी दाखवल्याचा शेरा आणि बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, देवरीकडच्या जंगलात. टोल्याच्या फवारणीचा अर्ज निकाली निघाला. कार्यभार द्यायला तो आला तेव्हा पिशवी, सुया, रिकाम्या काचा मोजून टेबलावर ठेवल्या. मग माझ्यासमोर बसला.

"बुढीची काच पाहिली?"

"पाहिली."

"कवा?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "साहेब येऊन गेल्यावर," मी म्हणालो.

मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. त्याने फक्त सदऱ्याची बाही खाली ओढली. "बाबूजी, एक करा. टोल्यावर हे कोणाले सांगू नका. मी तिथं सांगून आलो, मले बढती भेटली म्हणून. लोकायले वाटते, बुढी उभी राहिली म्हणून माही नोकरी वाचली. वाटू द्या. बुढी उगाच मेली, हे तिच्या सुनेले कायले समजाले पायजे?"

मी मान हलवली. ते वचन पाळणं मला फारच सोपं गेलं, कारण त्यात माझंही झाकलं जात होतं.

देवरीकडून त्याचं एकच पोस्टकार्ड आलं. तिकडेही तो बाटली ठेवायला घर शोधत होता. नंतर काही वर्षांनी कळलं की कारध्याला बहिणीकडे आला असताना हृदयविकाराने गेला. आम्ही ऑफिसात दोन मिनिटं उभे राहिलो. प्रशस्तिपत्रवाला कर्मचारी शोकसभेत चांगलं बोलला.

त्यानंतर, ऐंशी साल मागे पडून बरीच वर्षं झाली असताना, वरून एक परिपत्रक आलं. थंडी लांबत असल्याने आणि दिवाळीनंतरही रोगी आढळत असल्याने जंगलपट्टीत मार्गशीर्षात एक जादा फवारणी करावी. भाषा मोठी भारदस्त होती. साहेब नवे होते, ते म्हणाले, "काय दूरदृष्टी आहे पाहा वरच्यांची!" फिरतीला माणूस नव्हता म्हणून सुया-काचांची पिशवी देऊन टोळीबरोबर मला पाठवलं. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी टोल्यात दुसऱ्यांदा पाय ठेवला.

भिंती पांढऱ्या होत्या. फवारणीची माणसं पंप भरायला तलावाकडे गेली आणि मी त्याच अंगणात जाऊन उभा राहिलो. सून आता पोक्त झाली होती. ओट्यावर उन्हात चादर पांघरून बसली होती आणि चादरीआड तिचे दात वाजत होते.

"ताप आहे का घरात कोणाला?" मी विचारलं.

"नाही जी. आमच्या टोल्यात कोणालेच ताप नाही."

"तुम्हाला थंडी वाजते आहे."

"उन्हात बसली आहो, बस." मग तिने मला निरखून पाहिलं. "तुमी नवे आहा वाटते. घाबरू नका जी. आम्ही कोणाच्याच नोकरीले धक्का लागू देत नाही. आधीच्या भाऊच्या वख्ताले असेच मोठे साहेब आले होते. आमची बुढी तापात उभी राहून धान कांडली, पण ताप आहे म्हणून सांगितलं नाही. त्याच्यानं भाऊले बढती भेटली. तवापासून कोणीही येवो, आम्ही 'नाही' म्हणूनच सांगतो."

मी ओट्याच्या कडेला बसलो. इतकी वर्षं. किती आले असतील, विचारून गेले असतील, भिंतीवर सही करून गेले असतील, आणि आतल्या खोल्यांत माणसं त्यांच्या नोकऱ्यांसाठी कण्हणं दाबून पडली असतील. आम्ही ऑफिसात ह्या टोल्याचं नाव चांगल्या गावांच्या यादीत घालत होतो.

"बाई, भाऊला बढती मिळाली नव्हती," मी म्हणालो. "साहेबांना ताप दिसला नाही म्हणून त्यालाच खोटं ठरवलं. शेरा मारून देवरीकडे टाकला. फवारणी नाकारली. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तो बढती म्हणाला."

तिने चादर खांद्यावरून खाली घेतली. "मंग आमची बुढी त्या दिवशी उभी कायले राहिली जी?"

ह्या प्रश्नापासून त्याने तिला वाचवलं होतं.

"तुम्ही सगळे 'नाही' म्हणालात तरी चाललं असतं," मी म्हणालो. "त्याने सगळ्यांचं रक्त काचेवर घेतलं होतं. बुढीचंही. त्या काचा माझ्याकडे होत्या. तीन दिवस. मी पाहिल्या असत्या तर साहेबांपुढे ठेवता आल्या असत्या. मी पाहिल्या नाहीत."

तलावाकडून पंप भरणाऱ्या माणसांचे आवाज येत होते. तिने माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला नजर खाली घालावी लागली. मग ती भिंतीला धरून उठली, दारात गेली आणि आत तोंड करून म्हणाली, "अजी, उठा. बाहेर या. पोरीलेही आणा." शेजारच्या अंगणाकडे वळून तिने तेच मोठ्याने सांगितलं, आणि त्याच्या पुढच्या अंगणाला कोणीतरी पुढे सांगितलं.

घोंगड्या, चादरी, लुगडी पांघरून माणसं एकेक करून उन्हात आली आणि ओट्याला लागून बसली. मी पिशवीतून सुई काढली. हे काम मी स्वतःच्या हाताने कधी केलं नव्हतं.

सर्वांत आधी तिने बोट पुढे केलं. मी टोचलं, थेंब काचेवर घेतला. तिने हात मागे घेतला नाही.

"या आजच पाहाल ना जी?" तिने विचारलं.